शेवटचं रीळ

बॅटरी माझ्या हातात असायची, बाकी सगळं अंधाराच्या मालकीचं.
त्या आठवड्यात सकाळच्या खेळाला इंग्रजी पिक्चर लागला होता:
घेरदार झग्यातली गोरी मास्तरीण, सोन्याच्या खांबांचा दरबार.
आमच्या पेंटरचा निळा रंग झग्यातच संपला,
मग राजाला त्यानं उरलेला हिरवा फासला.
प्रेक्षक एकूण अकरा. चौघं कॉलेज बुडवून आलेले,
एक जण फक्त पंख्याखाली झोपायला.

आणि तिसऱ्या रांगेत हौसाक्का.
डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी, पिशवीत मेथीची जुडी.
सोमवारी आली. मंगळवारी आली. बुधवारी मी विचारलं,
आक्का, इंग्रजी कळतं?

"कळायचं काय त्यात," ती म्हणाली,
"मी हुतेच की तितं."

कुठं, ते सांगायला तिनं अख्खं मध्यंतर घेतलं.
रंकाळ्यापलीकडं, एका जहागीरदाराच्या बंगल्यावर,
ती बारा वर्षांची,
शिकवणीच्या खोलीबाहेर बसून पंख्याची दोरी ओढायची.
आत सरकारांच्या लेकी तीन, पृथ्वीचा गोल एक,
आणि मिस थॉर्नली.

"पडद्यावर नाच हाय बघ, तसलं काय न्हवतं.
सरकार बोलायचे ते पगाराचं, तेबी दिवाणजीच्या तोंडानं.
ती नाचली न्हाई. तिला हिवताप आला.
दुपारच्याला पत्रं लिवायची, लिवायची,
आन् टपालात टाकायची न्हाई."

लेकी सगळं शिकल्या: काटा, चमचा, गुडमॉर्निंग,
गोलावर बोट ठेवून लंडन.
मिसला एकच शिकायचं होतं. ळ.
जीभ उलटी वळवून टाळूला लावायची, एवढंच.
ती म्हणे रंकाला. म्हणे पन्हाला.
गूळ मागायची तर गूल.
रात्री दिवा बारीक करून ती दोरीवालीला समोर बसवायची.
पोरगी आ करून आत बोट दाखवायची,
आणि समुद्रापलीकडून बोलावून आणलेली मेम
तिच्या तोंडात वाकून बघायची,
विहिरीत बघावं तशी.

"त्या टायमाला मास्तरीण मी हुते.
फी म्हणून बिस्कूट."

बंगल्यानंही उसनं ठेवलं नाही.
थॉर्नली कुणालाच म्हणता येईना,
म्हणून मुदपाकखान्यापासून पागेपर्यंत ती ठानळीबाई.
जे अक्षर तिला येत नव्हतं
ते तिच्याच नावात नेऊन बसवलेलं.

रोज शेवटच्या रिळाआधी आक्का उठायची.
मी पायऱ्यांवर उजेड धरायचो.
शेवटी ती बोटीत बसून जाते, मी सांगून टाकलं.

"म्हाईत हाय. आमची रेल्वेत बसली.
ठेसनावर फडक्यात बांधून गुळाचा खडा दिला मी.
खिडकीतनं कायतरी म्हनली,
तवाच इंजिन वरडलं."

गुरुवार शेवटचा दिवस. त्या दिवशी आक्का उठली नाही.
मी बॅटरी घेऊन वाट बघत उभा,
ती पिशवीचे बंद धरून घट्ट बसलेली.
आणि वर केबिनमध्ये ऑपरेटर मॅनेजरच्या नावानं ओरडत होता:
शेवटचं रीळ भलत्याच पेटीत पडून
सकाळच्या गाडीनं मिरजेला गेलं होतं.

पडदा पांढरा झाला. कॉलेजवाल्यांनी शिट्ट्या मारल्या.
झोपलेला जागा झाला आणि पैसे परत मागू लागला.
दिवे लागले.

"संपलं?"
नाही आक्का, म्हटलं. रीळच गेलं.

ती त्या रिकाम्या पांढऱ्याकडं बराच वेळ बघत राहिली.
"म्हंजे ऱ्हायली," ती म्हणाली,
आणि जुडीवरचा मातीचा कण झटकून उठली.

तिकिटाचे पैसे घ्यायला थांबली नाही.