नावावर

"त्याच्या नावावर काहीही ठेवू नका,"
मिसेस थोर्लाक्सन म्हणाल्या
आणि चष्मा पुसत बसल्या.

एकतीस वर्षं मी दुसरं केलंय काय?
शर्टाच्या कॉलरला आतून, लाल दोऱ्यानं: ओस्तप.
बर्फातल्या बुटांच्या जिभेवर ओस्तप,
डब्यावर, टोपीवर, हातमोज्यांच्या दोन्ही पंजांवर.
एकदा तर जत्रेत त्याच्या मनगटावरच लिहिलं बॉलपेननं,
खाली आमचा फोन नंबर.
हरवलाच, तर कुणीतरी वाचावं म्हणून.

डॉफिनच्या मेन स्ट्रीटवर, औषधांच्या दुकानाच्या वर
त्यांचं ऑफिस. मार्च महिना, खिडकीखाली काळवंडलेला बर्फ.
पेट्रोचं मृत्युपत्र मी बिस्किटांच्या डब्यातून काढून नेलं होतं.
एकच पान. दोन्ही मुलांना निम्मं निम्मं.
आयुष्यभर त्यानं पावसुद्धा मोजून कापला.
बाईंनी त्या 'निम्मं'वर बोट ठेवलं.
हेच त्याला उघड्यावर आणील, म्हणाल्या.
हातात रक्कम पडली की दर महिन्याचा सरकारी चेक बंद,
मग खोलीचं भाडं, गोळ्या, सगळं त्याच रकमेतून, ती संपेपर्यंत.
संपली की पुन्हा रांग, पुन्हा फॉर्म,
पुन्हा कुणा अनोळखी माणसाला पटवायचं
की हो, तो अजूनही तसाच आहे.

मग पेन्सिलनं 'ओस्तपला' मधला 'ला' खोडला
आणि वर लिहिलं 'साठी'.
एवढ्याशा दोन अक्षरांत
अर्धा सेक्शन गव्हाची जमीन!
'विश्वस्त देईल', तेही खोडलं. 'देऊ शकेल.'
मी म्हटलं, शकेल? आणि दिलंच नाही तर?
"तेच तर कुलूप आहे," बाई म्हणाल्या.
"ज्यावर तो हक्क सांगू शकत नाही,
ते त्याचं म्हणून कुणाला मोजताही येत नाही."

विश्वस्त म्हणजे डार्का, माझ्या नणंदेची मुलगी,
शाळेची बस चालवते. उशिरा आली, एकाच हातातला मोजा काढून सही केली.
जिन्यात म्हणाली, "मामी, माझं चुकलं तर?"
मी म्हटलं, माझं रोज चुकतं.

दुसरं नाव मार्कियानचं. एडमंटनहून फोनवर म्हणाला होता,
"माझ्यावर टाकू नकोस, आई."
मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास.
"आणि मला वगळूही नकोस."

शिवाय एक पत्र लिहा, बाईंनी सांगितलं होतं.
कोर्टात त्याला किंमत नाही.
किंमत नाही म्हणून मी अकरा पानं लिहिली.
आधी डावा बूट.
अंड्याचा बलक फुटला तर ते आपण खावं, त्याला दुसरं करून द्यावं.
'लवकर' हा शब्द घरात वापरू नये.
फाटकाशी मालगाडी आली तर इंजिन बंद करून थांबावं;
तो शेवटच्या डब्यापर्यंत मोजतो.
त्याची बेरीज तपासू नये. बरोबर असते.
माझ्याबद्दल विचारेल. खूप दिवस विचारेल.
आई दुकानात गेलीय, असं कुणीही सांगू नका.
तो दाराशी बसून राहील.

हे वाक्य लिहून मी उठले, भांडी घासली,
घासलेली पुन्हा घासली.

परतताना फाटक लागलं. मी इंजिन बंद केलं.
काच खाली करून तो ओठ हलवत राहिला,
थंडी आत येत राहिली.

रात्री त्याचा नवा शर्ट घेतला, निळ्या चौकड्यांचा.
सुई ओवायला तीनदा लागलं, डोळे आता तसे नाहीत.
कॉलर उलटली आणि थांबले.
मग वाटलं, याबद्दल बाई काही बोलल्या नव्हत्या.
'ओ' घातला. 'स्त' नेहमीसारखा वाकडा.

पलंगावरून आवाज आला,
"एकशे अठरा."
मी दोरा दातांनी तोडला.
"बरोबर," म्हटलं.