कटती

सावद्याच्या अलीकडे, फैजपूर रस्त्याला
भुईकाटा आहे. तिथे मी बसते,
दुपारी तीन ते रात्री अकरा.
केळीची गाडी पाट्यावर चढते,
लाल आकडा थरथरतो, मग थांबतो.
भरलेली वजा रिकामी.
उरेल तो माल.

मालातूनही कटती जाते.
दांड्याची, ओलाव्याची,
आणि एक, जिचं नाव कोणी घेत नाही.

तीन वर्षं याच टेबलावर, पावत्यांच्या रिळाशेजारी
मी बीसीए केलं. घरबसल्या, म्हणतात लोक.
मी घरी बसले नव्हते.
रांग म्हणजे काय ते पुस्तकाआधी
ट्रकांनी शिकवलं:
आधी आला तो आधी सुटतो,
नगरसेवकाचा असला तर मधूनच.

पाचव्या सेमिस्टरला कॅमेरा समोर.
मान वळवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत.
बाहेर पानिपतच्या गाडीने हॉर्न धरून ठेवलेला.
स्क्रीनवर आलं: खोलीत दुसरी व्यक्ती आहे.
होती.
सुभान तडवी होता, दारात उकिडवा,
हातात माझा चहा,
आणि पेपर संपेपर्यंत
श्वाससुद्धा हिशेबाने घेत होता.

आतेभाऊ हितेंद्र पुण्याला शिकला.
त्याच्या पदवीचा कागद जाड आहे,
बोट फिरवलं तर अक्षरं लागतात.
माझी पीडीएफ.
भाग्यलता मुरलीधर भिरूड,
त्यातला मुरलीधर फॉन्टने फोडलेला.
झेरॉक्सवाल्याने रंगीत काढून दिली,
कडेला एक निळी रेघ आली फुकटची.
एकदा वाटलं, दोन्ही पाट्यावर ठेवून बघाव्या.
पण आमचा काटा
दहा किलोखाली काही मोजत नाही.

पहिल्या मुलाखतीत बाईंनी विचारलं, कॅम्पस कोणता?
मी म्हटलं, सावदा.
त्यांनी काहीतरी टाइप केलं.

दुसऱ्या ठिकाणी माझ्याच वयाचा मुलगा.
म्हणाला, काय बनवलंयस?
सांगितलं, कटती.
आधी ती पावतीवर दिसायचीच नाही,
निव्वळ वजनात विरघळून जायची.
मी चाळीस ओळी लिहिल्या,
आणि ती छापून यायला लागली,
वेगळ्या ओळीत, नावासकट.
मग?
मग शेठनी दोन दिवसांत काढायला लावली.
तो जरा थांबला.
कोड आहे अजून?
आहे.
कळवतो म्हणाला. सतरा दिवस झाले.

सुभान विचारतो, मंग, कितीची पडली तुले डिग्री?
आमच्याकडे डिग्री म्हटलं की लोक आधी
भुसावळचं तापमान सांगतात.
मी सांगते: फी बावन्न हजार, वर रिचार्ज,
एक चष्मा,
सुनंदाचं लग्न, ज्याला मी फक्त जेवणापुरती गेले.
अन् भेटलं काय?
तेवढ्यात गाडी येते. बरं होतं.

उन्हाळ्यात काटा सरकतो.
पाट्यावर काही नसताना पंधरा किलो दाखवतो,
कशाचे कोण जाणे.
दर तासाला शून्य करून घ्यावा लागतो.
मी बटण दाबते,
आणि क्षणभर माझ्याही मनात येतं
की हे पंधरा कुणाच्या तरी खात्यात लिहून टाकावे.

चिनावलचे यादवनाना परवा आले.
खिशातून घडी घातलेली पावती काढली,
त्या दोन दिवसांतली, शाई उडत चाललेली.
म्हणाले, पोरी, अशी लांबवाली निघत नाही का आता?
आतल्या खोलीत शेठ फोनवर होते.
मी हळूच म्हटलं,
नाना, नऊनंतर या.