मेणाचा धूर

सुभेदार खाडे दुकानात शिरले ते वैतागूनच.
"दस्तगीरभाई, पहिली गोळी टार्गेटला.
दुसरी धुराला.
बाकीच्या चार कुठं गेल्या, ते त्या दांडोबाला ठाऊक."

अब्बांनी चष्मा कपाळावर ढकलला,
रिव्हॉल्व्हर उघडून नळीतून उजेड पाहिला,
मग नाकाशी नेऊन हुंगली,
बाजारात खरबूज हुंगतात तशी.

मिरजेत आमच्या गल्लीत शेजारच्या ओट्यावर
तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असतात,
समोर कुणीतरी सकाळपासून
एकच तार पिळत बसलेलं.
त्यांचेही पणजे शिकलगारच, तलवारीला धार लावणारे.
तलवारी गेल्या तसे ते लाकडाकडे वळले.
आम्ही लोखंडाशीच राहिलो:
भिंतीवर काचेत लायसन,
आणि मोजकी गिऱ्हाईकं.
क्लबातले चार हौशी, बँकेचा पहारेकरी,
पेन्शनीतले हात.

"दारूचा डबा बदलून झाला," सुभेदार म्हणाले,
"धूर तेवढाच."
अब्बा म्हणाले, "दारूचा न्हवंच तो. मेणाचा हाय."
आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

शिशाच्या गोळीच्या कमरेला एक खाच असते.
त्या खाचेत मेण भरायचं,
म्हणजे शिसं नळीला चिकटत नाही.
हे काम माझं, बारावीपासून.
पोळीला तूप लावावं, धाकट्याच्या डोक्याला तेल थापावं,
तशी मी लावायची, सढळ हातानं.
वरून ओघळलं तर ओघळलं,
बुडाला चिकटलं तर चिकटलं.
कमी पडू नये, एवढंच मला माहीत.
आणि जे कमी पडू नये म्हणून लावलं
तेच जळत होतं, पांढरं, दाट,
एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढं.

त्या रात्री दिव्याखाली बसून
एकेक गोळी फडक्यात फिरवली.
खाचेत तेवढं ठेवलं, बाकी पुसलं,
बूड आरशासारखं कोरडं केलं.
अब्बा पलंगावरून म्हणाले, "मुनीरा, झोप आता."
रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवारी डोंगराच्या पायथ्याशी क्लबाची रेंज.
मी कानात कापूस घालून मागं उभी.
पहिला बार.
धूर असा, की कुणी थंडीत श्वास सोडावा,
आणि गेलाही.
टार्गेट लख्ख.
दुसरा. तिसरा. सहाही.
मी टाळी वाजवणार होते.

सुभेदार हलले नाहीत.
समोरचा कागद उघडा पडला होता उन्हात:
एक भोक कडेला,
एक त्याच्याही खाली,
बाकी कागद कोरा.
मग त्यांनी हाताकडे बघितलं.
हात थरथरत होता,
बार वाजून संपल्यावरही,
समोरच्या घरातली तार थरथरते तसा,
पण त्यातून सूर काही निघत नव्हता.

कुणी काही बोललं नाही.
त्यांनी रिकाम्या पुंगळ्या खिशात टाकल्या,
मोजून, सहा.
वाटेत एवढंच म्हणाले,
"पोरी, काम चोख केलंस."

आता पुढच्या बुधवारचं सांगते.
अब्बा नमाजला गेले असताना ते आले,
टोपी हातात, आवाज खालचा:
"तुझ्या अब्बाला नको सांगू.
तू आधी लावत होतीस ना, तसंच लाव.
जरा जास्तच लाव."

मी डबा उघडून बसले आहे.
मेण बोटाच्या उबेनं मऊ पडायला लागलंय.
समोरच्या घरात तार अजून लागलेली नाही.