शेरा

विसारियाशेठनी पाठवलेल्या ब्रोशरात
शिवडीची खाडी इतकी निळी
की मी आधी फोन करून विचारलं, हे कुठलं गाव?
हसले. म्हणाले, पाठारेबाई, तुम्ही जाऊन बघा.
चार फ्लॅट घेतोय, एकदम.

गेले.
लेझर भिंतीला लावला, लाल ठिपका थरथरला.
कार्पेट सहाशे अकरा.
कागदावर सहाशे चाळीस.
एकोणतीस फूट कुठे गेले, सेल्सच्या मुलीला विचारलं,
ती म्हणाली, फ्लॉवरबेड.
फ्लॉवरबेडमध्ये एसीचा डबा
आणि त्यामागे अंड्यांवर बसलेलं कबूतर,
माझ्याकडे एका डोळ्याने बघणारं.

रेडी रेकनर काढला, इंडेक्स टू काढले.
आसपासचे तीन व्यवहार.
एक भावाभावांतला, तो धरत नाहीत.
एक घाईतला, तोही नाही.
उरला एक. एकावर सरासरी निघत नाही.
काढली.

किंमत वेगळी आणि मोल वेगळं,
असलं काही मी म्हणणार नाही.
बावीस वर्षं या धंद्यात आहे,
भेटीचे साडेसात हजार घेते, टॅक्सीचे वेगळे.

रात्री नऊला परत आले,
रस्त्यापलीकडे उभं राहून खिडक्या मोजल्या.
एकशे बारांपैकी एक्याऐंशीत उजेड.
म्हटलं, बरं आहे, माणसं राहतात.
इस्त्रीतली राख झटकत कनोजिया बोलला,
बाई, दहापर्यंत थांबा.
थांबले.
दहाच्या ठोक्याला सगळे दिवे विझले, एका दमात,
मास्तर वर्गात आल्यावर पोरं गप्प होतात तसे.
बिल्डरने टायमर बसवलाय, तो म्हणाला.
माझ्याकडे कपडे येतात नऊ घरांचे.

म्हणून पहाटे पाच.
दिव्याला टायमर बसतो, दुधाला बसत नाही.
इरफान क्रेट उतरवतो तिथे वही घेऊन उभी राहिले.
टॉवरला सव्वीस पिशव्या,
त्यातल्या चार वॉचमन झाच्या केबिनमधल्या चहाला.
मग त्याने सायकल मागच्या गल्लीत वळवली, मी मागोमाग,
जिथे पुनर्वसनाची इमारत
टॉवरच्या पाठीला पाठ लावून उभी आहे.
तीनशे फुटांची घरं, दारं उघडी,
जिन्यात चपलांची गर्दी, कुणाच्या तरी कुकरची पहिली शिट्टी,
पायरीवर एक मुलगी दात घासता घासता पाढे म्हणतेय,
सतरा चोक अडुसष्ट, आणि फेस हनुवटीवर.
दोनशे चौदा.
रविवारी जास्त लागतात, इरफान म्हणाला, पाहुणे असतात.

माझ्या फॉर्मात या इमारतीला एकच जागा आहे,
रकाना सतरा, बाधक घटक.
लिहिलं: मागील खिडक्यांतून पुनर्वसन इमारत दिसते.
वजावट चार टक्के.
उलट बाजूचा रकाना फॉर्मात नाही.
नाहीतर लिहिलं असतं की
सकाळी साडेदहापर्यंत त्यांच्या दोऱ्यांवरच्या कपड्यांना
टॉवर ऊन लागू देत नाही.

शेवटी शेरा. तिथे काहीही लिहिता येतं, कुणी वाचत नाही.
लिहिलं: दूध सव्वीस, पैकी केबिन चार. मागे दोनशे चौदा.

शेठनी वाचलं.
फोन आला, बाई, हे दूध काय आहे?
सांगितलं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, आमचे बापूजी मस्जिद बंदरला साखर विकायचे,
कुठल्या गल्लीत माणसं वाढली ते त्यांना पोत्यांवरून कळायचं.
टॉवर राहू दे.

मी बिलाचं बोलणार, तेवढ्यात,
ती मागची विकत मिळते?

अजून चार वर्षं नाही, म्हटलं. कायदा आहे.

चार, ते म्हणाले,
आणि पलीकडे
डायरीची पानं पुढे पुढे उलटत गेल्याचा आवाज.