रकाना आठवा

ओहोटी पहाटे पावणेचारला.
बॅटरी दातांत धरून मी गुडघाभर पाण्यात,
दगड उलटते. खाली बघते. मोजते.
दगड परत ठेवते, होता तसाच, त्याच कुशीवर.
पोटाशी अंडी असतात,
उन्हात उताणी पडली की संपली.

अंगठ्याच्या नखाएवढा शंख.
तांबूस, खांद्यावर सांडलेल्या दुधाच्या थेंबांची रांग.
याची पिल्लं पाण्यावर वाहत कुठं जात नाहीत,
अंड्यातून निघतात ती सरळ रांगतच.
रांगून रांगून जाणार किती?
मायो बेटाची ही एक खाडी,
इकडून हाक मारली तर तिकडे ऐकू जावी एवढी.
ती संपली की जग संपलं.

फॉर्म मात्र लांबलचक.
विस्तार, चौरस किलोमीटरमध्ये:
लिहिला. लाज वाटावी इतका कमी.
एका पिढीचा काळ: ठाऊक नाही.
दहा वर्षांतली घट: कशाच्या तुलनेत?
दहा वर्षांपूर्वी इथं कुणी मोजायला उतरलंच नव्हतं.
त्यासाठीही एक खूण आहे, 'माहिती अपुरी'.
लिस्बनचे प्राध्यापक म्हणाले, घाई नको, तेच लिही.
मला ते आजाऱ्याच्या दारातून
'नंतर येते' म्हणून परतण्यासारखं वाटतं.

रकाना आठवा: धोके.
वाळूउपसा. कधीपासून, किती, कोण करतं.

कोण करतं?
तिया ज्युवेन्सिया करते.
चाळीस वर्षं, कमरेइतक्या पाण्यात, डोक्यावर घमेलं,
ट्रकवाला घमेल्यामागे देईल ते घेऊन.
त्यावर माझी शाळा झाली, बोटीचं तिकीट झालं,
लिस्बन झालं,
सूक्ष्मदर्शकाला लावते तो डोळा झाला.

रविवारी तिला शंख दाखवला, बाटलीतला.
चष्मा न लावताच म्हणाली,
"हा होय! चाळणीत अडकायचा मेला.
आधी मूठमूठ. मग चिमूटचिमूट.
तू पहिलीला गेलीस त्या साली पाऊस फिरकलाच नाही,
तेव्हापासून एखाददुसरा."
मी पेन शोधलं.
इतकी चांगली आकडेवारी
मला आजवर कुणी दिली नव्हती.

"आणि चाळणीतून निसटले ते?"
तिनं हनुवटीनं भिंत दाखवली.

तिनंच उपसलेल्या वाळूची भिंत,
माझ्या जन्माच्या आधीची.
पलंगामागे गिलावा सुटलाय तिथं
बॅटरी तिरपी धरली:
एक. मग दोन.
सिमेंटात रुतलेले, रंग उडालेले,
पण थेंबांची रांग ओळखू येत होती.
तिया चुलीवर कॅचुपा ढवळत होती.
मागे न बघता म्हणाली,
"नीट मोज की. दाराच्या वरही आहेत."

फॉर्ममध्ये भिंतीला रकाना नाही.
समासात लिहिलं:
जुनी नोंद, राहतं घर, उत्तरेची भिंत, सतरा.
आठव्या रकान्यात नुसतं 'वाळूउपसा'.
कोण, हे रिकामं.

आणि पार शेवटी, 'माहितीचा स्रोत' या ओळीवर,
तिचं नाव,
आडनावासकट, सुवाच्य अक्षरात.