निशाणी बांगडी

रेकॉर्ड रूमचा शिपाई म्हणाला, तालुका कोणता, साल कोणतं.
वेंगुर्ला, म्हटलं. साल माहीत नाही.
माणूस?
माणूसही नीटसा नाही. गिरप. माड काढणारे.
चावी शोधता शोधता त्याने माझ्याकडे बघितलं,
सुरमईला सांगेल तो भाव देणाऱ्या पाहुण्याकडे बघतात तसं.

तीन दिवस लाल फडकी सोडली, बांधली.
आमच्यापेक्षा माडांचीच नोंद चोख.
छेवलेल्या प्रत्येक माडाला नंबर, खोडावर कोरलेला,
वहीत तोच नंबर, कर, हप्ता.
माणसं त्यानंतर, माडाच्या अनुषंगाने:
माड ११२, चढणार धाकू बिन फटू.
असा सापडला माझा खापरपणजा,
झाडाला लटकलेला.

खानेसुमारीच्या तक्त्यात तो एकदाच.
घर एकेचाळीस, पुरुष एक, बायको एक, मुलगा सोनू,
जन्म मोठ्या तुफानाच्या आदल्या साली.
बापाचं नाव लिहायला रकानाच नव्हता.
सरकारला जात हवी होती, धंदा हवा होता,
कोण आंधळं, कोण मुकं, कोण महारोगी.
कोण कुणाचं, ते गावाला ठाऊक असेल असं धरलं असावं.

मग तो खटला. मोडीत.
नाचणकर मास्तर पानाला चाळीस रुपये घेतात
आणि तपकिरीसाठी मध्ये थांबतात.
बिनपरवाना माडी, दोन माड. दंड साठ रुपये, न भरल्यास जप्ती.
यादीत सोनूच्या नावचेही तीन,
मामाने बारशाला दिलेले.
मुलाचं ते बापाचं, असं सरकारी वकिलाचं म्हणणं.

तेव्हा उठली आवडी. आवडी कोम धाकू.
मास्तर वाचता वाचता थांबले. तपकीर नव्हती.
पुढं वाचू ना? तुमच्याच घरातलं आहे.
वाचा.

सदर मुलगा आरोपीपासून झालेला नसे,
सबब आरोपीचे देण्याशी त्याचे माडांचा संबंध नाही.

हे कारकुनाच्या बोरूचं मराठी.
ती म्हणाली असेल,
झील माजो. तेचो न्हय. माडांक हात लावू नकात.
भर कचेरीत, नवरा चार हातांवर उभा,
दारात अर्धा गाव,
आणि संध्याकाळी त्याच पाणंदीने त्याच चुलीपाशी जायचं.
धाकूला विचारलं, यावर काय म्हणणं.
आरोपी काही बोलत नाही, असं लिहिलंय.
खाली दोघांच्या सह्या नाहीत.
त्याची निशाणी कोयती.
तिची एक गोल, जरा चेपलेला.
निशाणी बांगडी.

खरं असेल का हो, मी विचारलं.
मी मोडी वाचतो, मास्तर म्हणाले.

निकाल चार ओळींचा.
साक्षीदार बाई माड वाचवण्यासाठी खोटे बोलते.
मुलगा आरोपीचाच.
पाचही माड लिलावात काढावेत.

म्हणजे माड गेले आणि बाप राहिला.
आडनाव, कूळ, जत्रेतला मान,
माझ्या दाखल्यावरची जात,
सगळं एका साहेबाच्या अविश्वासावर उभं,
तेही असल्या दमट हवेत.

आत्या म्हणते, कशाला उकरायची असली भानगड.
तिच्या वंशवेलीत आवडी नाहीच.
धाकू, त्याखाली सोनू,
मध्ये सरळ रेघ, स्टीलच्या पट्टीने मारलेली.

मी झेरॉक्स काढली. बांगडी फिकट उमटली,
एका बाजूला तुटल्यासारखी.
मशीनचा दोष नाही, शिपाई म्हणाला,
मूळ कागद बघा हवं तर.
बघितला.
गोल पुरा होण्याआधी बोरू उचललेला,
मग जरा बाजूला पुन्हा टेकवलेला.
तिने की कारकुनाने,
ते कुठे लिहिलेलं नाही.