तीन नोंदी

आलेखात नऊ वर्षांचं भगदाड आहे.
एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात रेघ तुटते,
दोन हजार सालच्या वसंतात,
परदेशी मदतीतून यंत्र आल्यावर, पुन्हा सुरू होते.
मधे कोरा कागद.

बिश्केकच्या संस्थेत माझं काम हेच,
भगदाडं बुजवणं.
शेजारच्या खोऱ्यांवरून अदमास घ्यायचा,
गणित मांडायचं,
आणि खाली बारीक अक्षरांत लिहायचं : पुनर्रचित.
आई शेजारणींना सांगते, आमची बुरुल उद्याचं हवामान सांगते.
अकरा वर्षं झाली, आई.
मी अजून कालच्यातच आहे.

मग कुणीतरी म्हणालं,
वरच्या स्टेशनचा म्हातारा आहे की अजून,
असानकुल.
रस्ता संपल्यावर चार तास घोड्यावरून गेले,
मांड्या सोलवटून निघाल्या.

त्याने चहा दिला, वाटीच्या तळाशी घोटभर.
आमच्याकडे वाटी काठोकाठ भरली
तर पाहुण्याने उठायचं असतं.
त्याने पाच वेळा घोटभरच ओतला,
आणि मग पलंगाखालून ट्रंक ओढली.

वह्या. शाळेतल्या, गणिताच्या, चौकटी आखलेल्या.
"पगार थांबला," तो म्हणाला,
"मग रेडिओवर उत्तर देणारा माणूसही थांबला.
म्हटलं, कधीतरी कोणी विचारेलच."

दर तीन तासांनी एक नोंद, रात्रीसुद्धा.
सगळं शिसपेन्सिलीने, कारण शाई गोठते.
समासात :
उणे एकतीस. पीठ संपलं.
उणे तेहतीस. इंजिनियर गावी परत गेले, कुत्रा सोडून.
उणे तेहतीस. कुत्रा आमच्याकडे आला.
उणे एकोणीस, वारा नाही. तपकिरी मेंढी व्याली, दोन.

तीन दिवस मी आकडे पडताळत बसले.
त्याची रेघ आणि शेजारच्या खोऱ्याची रेघ
एकाच अंथरुणातल्या दोघांसारखी
जवळजवळ एकदमच कूस बदलत होती.
सव्वीस हजारांवर नोंदी.
माझं पुनर्रचित गणित
कितीतरी ठिकाणी साफ तोंडावर आपटलं होतं,
आणि मला त्याचा आनंदच होत होता.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत बोट अडलं.
एकाच रात्री तीनदा उणे बावीस, उणे बावीस, उणे बावीस.
त्या रात्री सगळीकडे पारा कोसळला होता.
मी वही त्याच्यापुढे सरकवली.
त्याने पाहिलीही नाही.

"झीपार गेली त्या रात्री.
पेटी चाळीस पावलांवर.
तिने हात धरला होता, सोडवून घेतला नाही.
सकाळी रकाने रिकामे दिसले,
सवय नव्हती रिकाम्याची. भरून टाकले.
तेवढंच खोटं आहे. खोडून टाक."

आम्ही खोडत नाही, बाबा.
आकडा तसाच ठेवायचा, शेजारी खूण करायची.
उपकरण मोडलं, त्याची एक खूण असते.
पेटीत बर्फ शिरलं, त्याची एक.
निरीक्षक आजारी, त्याचीही आहे.
मी खुणांचा अख्खा तक्ता वाचून काढला
आणि शेवटी 'संशयास्पद' लावली.
दुसरी नव्हती.
त्याने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी.

दुपारी तीन वाजता
चहा अर्धा टाकून तो उठला.
बाहेर ते यंत्र आहेच, खांबावर,
स्वतःच मोजतं, स्वतःच कळवतं.
"अर्धा अंश गरम दाखवतं," तो टोपी घालत म्हणाला,
"विटेच्या भिंतीजवळ उभं केलंय गाढवांनी."
(हे खरं निघालं. परतल्यावर मी तपासलं.)

मीही मागोमाग गेले, वही धरून.
पांढऱ्या पेटीचं दार त्याने
झोपलेलं मूल पाहावं तसं उघडलं,
श्वास रोखून, कारण श्वासानेही पारा चढतो.
"उणे सात पूर्णांक चार."
मी लिहिलं.

येताना मी पावलं मोजली होती.
दारापासून पेटीपर्यंत,
त्याच्या चालीने,
आता त्रेपन्न भरतात.